चार तारांची साथ

जॅझच्या इतिहासावरचं कोणतंही जाडजूड पुस्तक घेतलं, तर पहिल्या काही प्रकरणांत बँजो पानोपानी भेटतो. न्यू ऑर्लिन्सच्या वाद्यवृंदांत तो आहे, शिकागोच्या नृत्यगृहांत आहे, न्यू यॉर्कच्या तळघरांतल्या क्लबांतही आहे. मग १९३० च्या सुमारास तो दिसेनासा होतो. त्याचं कारण लेखक बहुधा एकाच वाक्यात देतात: मायक्रोफोन आला, गिटार आली, बँजो मागे पडला. हे वाक्य खोटं नाही, पण ते वाद्याबद्दल बोलतं आणि वादकाला विसरतं. बँजो मागे पडला तेव्हा तो वाजवणारी माणसं विशी-तिशीतली होती. त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य होतं. त्यांतल्या काहींनी पुढची तीस, चाळीस, सत्तर वर्षं याच वाद्यावर जॅझ वाजवलं. कधी पोटासाठी दुसरं काम धरलं, कधी दुसरं वाद्य हातात घेतलं, पण बँजोकडे परत आले. या माणसांना इतिहासात जागा मिळते ती तळटीपेत, आणि याचं कारण मोजमाप चुकलं, हे आहे. जॅझचा इतिहास एकलवादकांच्या नावांनी लिहिला गेला. टेनर बँजोवाल्याचं काम मुख्यतः साथीचं. साथीच्या मापाने मोजलं, तर त्याची कारकीर्द जॅझमधल्या सर्वांत कसोटीच्या कारकिर्दींपैकी एक ठरते.

आधी वाद्याची ओळख करून घ्यायला हवी. महाराष्ट्रात बँजो म्हटलं की मिरवणुकीतली बँजो पार्टी डोळ्यांपुढे येते. तिच्यातलं कळा दाबून वाजवायचं वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानी. इथे ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते वाद्य वेगळं. एका गोल कड्यावर डफासारखं ताणून बसवलेलं कातडं, त्यावर लाकडाची हलकी घोडी, तिच्यावरून गेलेल्या धातूच्या चार तारा आणि सतरा किंवा एकोणीस पडद्यांची आखूड मान, असा टेनर बँजोचा देह. खालच्या तारेला सा मानलं तर पुढच्या तारा प, वरच्या सप्तकातला रे आणि ध अशा लागतात. व्हायोलाही याच स्वरांत लावतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात बोटांनी वाजवला जाणारा पाच तारांचा बँजो याचा पूर्वज. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर, नृत्यसंगीताच्या वाढत्या मागणीसाठी, त्यातली अंगठ्याची तार गेली, मान आखूड झाली आणि बोटांऐवजी नखी आली. व्हायोलिन आणि मँडोलिन वाजवणाऱ्यांना तारांमधलं अंतर ओळखीचं होतं, त्यामुळे त्यांचा हात या वाद्यावर लवकर बसला.

या वाद्याचा स्वभाव त्याच्या कातड्यात आहे. तार छेडली की तिची शक्ती हलक्या कातड्यातून झटकन बाहेर पडते. म्हणून आवाज मोठा निघतो, आणि म्हणूनच तो लगेच विरतो. गिटारचा सूर रेंगाळतो, बँजोचा सूर ठोक्यासारखा पडतो. जॅझमधला बँजोवाला चार मात्रांच्या आवर्तनात दर मात्रेला नखीचा एक झटका चारही तारांवरून नेतो. त्याचा डावा हात त्याच क्षणी दाब सैल करतो आणि ठोका जिथे तुटायला हवा तिथे तुटतो. ठोका किती लांब ठेवायचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर किती वजन द्यायचं, ट्रंपेटवाला मात्रेच्या किंचित मागे राहत असेल तर त्याला खेचायचं की त्याच्या मागे जायचं, हे सगळं डाव्या हाताच्या त्या सैलावण्यात आणि उजव्या मनगटात ठरतं. शिवाय दर मात्रेला स्वरसंगती बदलू शकते. तबलजीचा ठेका आणि पेटीवाल्याची सुरावट एकाच माणसाने एकाच वेळी सांभाळावी, असं हे काम आहे. त्यात चुकीला लपायला जागा नाही. सूर रेंगाळत नसल्यामुळे मागच्या मात्रेचा आधार पुढच्या मात्रेला मिळत नाही. प्रत्येक ठोका नव्याने कमवावा लागतो. दमट हवेत कातडं सैल पडून आवाज दबतो, कोरड्या हवेत ते ताणलं जाऊन कर्कश होतं. प्लॅस्टिकचं आवरण १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याआधी न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट बंदरात रात्रभर वाजवणाऱ्याला कातड्यावरही लक्ष ठेवावं लागे.

हे काम किती मोलाचं होतं याचा पुरावा जॅझच्या सर्वांत गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत आहे. १२ नोव्हेंबर १९२५ ला लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ने शिकागोत पहिलं ध्वनिमुद्रण केलं. जॅझ ही एकलवादकाची कला म्हणून उभी राहिली ती याच मालिकेतून, असं बहुतेक समीक्षक मानतात. त्या पाच जणांत ड्रम नाही आणि बासही नाही. कॉर्नेट, ट्राँबोन, क्लॅरिनेट हे तीन सुरवाले, आणि लय धरणारे दोनच: पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर जॉनी सेंट सिर. सेंट सिरचा बँजो सहा तारांचा होता, पण उजव्या हाताचं काम तेच. आर्मस्ट्राँगला मात्रेच्या पुढेमागे सरकण्याचं जे स्वातंत्र्य मिळालं, त्याला कोणीतरी मात्रा जागच्या जागी ठेवत होतं म्हणून अर्थ आला. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, ब्रन्सविक कंपनीने आर्मस्ट्राँगला तोड म्हणून ट्रंपेटवादक जॅबो स्मिथला पुढे आणलं. त्याच्या ‘रिदम एसेस’मध्येही ड्रम नव्हते. तिथे बँजोवर आयकी रॉबिन्सन होता. ठेका धरता धरता मध्येच एका तारेवरून धावती सुरावट काढायची आणि पुन्हा ठेक्यावर यायचं, हे तो त्या वेगातही सहज करतो. या दोन्ही मालिकांबद्दल लिहिताना ट्रंपेटवर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि बँजोला एखादी ओळ मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बँजो ही तेव्हाच्या यंत्राची गरज होती. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यातून होई, भोंग्याला ड्रम आणि बास झेपत नसत, बँजोचा टोकदार आवाज मात्र मेणावर नीट उमटे. विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि ही गरज संपली. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो दोन ठिकाणी अडतो. एक तर बँजो फक्त स्टुडिओत नव्हता. मिसिसिपी नदीवरच्या सहलीच्या बोटींत फेट मॅरेबलचे वाद्यवृंद नाचणाऱ्यांच्या गर्दीला पुरेल असं वाजवत, आणि तिथे ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नव्हता. दुसरं म्हणजे, मायक्रोफोनने बँजोला मारलं असेल, तर हॅरी रेसरचं काय करायचं? ओहायोतल्या पिक्वा गावी १८९६ मध्ये जन्मलेला रेसर हा टेनर बँजोच्या तंत्रातला त्या काळचा सर्वांत निष्णात वादक. १९२५ पासून दहाएक वर्षं त्याचा ‘क्लिको क्लब एस्किमोज’ हा वाद्यवृंद रेडिओवर गाजत होता. एका जिंजर एल कंपनीने पुरस्कृत केलेला तो कार्यक्रम मायक्रोफोनसमोर बसूनच होत असे. पॉल व्हाइटमनच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदात माइक पिंगिटोर हा टेनर बँजोवाला विद्युत ध्वनिमुद्रण येऊन रुळल्यावरही वर्षानुवर्षं टिकून होता. मायक्रोफोनने बँजोची सक्ती संपवली एवढंच. त्याची जागा हिरावली ती दुसऱ्याच गोष्टींनी: ट्यूबाच्या जागी तारांचा बास आला, दोन मात्रांच्या झोकाऐवजी चारही मात्रांवर समान वजन देणारी चाल आली, एडी लँगच्या गिटारने एक मऊ पर्याय दाखवला, आणि मंदीच्या काळात श्रोत्यांना जवळून हळुवार गाणारा गायक हवासा वाटू लागला. बदलली ती आवड. वाद्याची कुवत होती तेवढीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक संगीताचा आहे. बँजोचा सूर टिकत नाही, म्हणून तो स्विंगच्या प्रवाही लयीला अपुरा पडला आणि गिटारने ती उणीव भरून काढली, असं म्हटलं जातं. पण स्विंगमधली साथीची गिटार कशी वाजे ते ऐकलं की हा आक्षेप पातळ होतो. १९३७ पासून काउंट बेसीच्या वाद्यवृंदात बसलेला फ्रेडी ग्रीन हा साथीच्या गिटारचा आदर्श मानला जातो. त्याच्या गिटारचा ठोका मुद्दाम आखूड असतो. तो दर मात्रेला तारा दाबतो आणि लगेच सोडतो, अगदी बँजोवाला करतो तसं. ग्रीनची सुरुवातही बँजोवरच झाली होती. म्हणजे १९३० नंतरच्या जॅझने बँजोचं वाद्य टाकलं, पण त्याची हातोटी गिटारवाल्यांच्या मनगटांत ठेवून घेतली. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात हा बदल एका माणसाच्या हातून झालेला दिसतो. फ्रेड गाय १९२५ मध्ये बँजोवाला म्हणून आला, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने गिटार घेतली आणि १९४९ पर्यंत तीच वाजवली. खुर्ची तीच, माणूस तोच, कामही तेच. बाजारालाही हे ठाऊक होतं: १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्टिन आणि गिब्सन या कंपन्यांनी चार तारांची टेनर गिटार बाजारात आणली, जेणेकरून बँजोवाल्याला बोटं नव्याने न शिकवता वाद्य बदलता यावं. बँजोवाल्यांचं कौशल्य निकामी झालं असतं, तर अशा वाद्याला गिऱ्हाईक कुठून मिळालं असतं?

प्रश्न उरतो तो ज्यांनी वाद्य सोडलं नाही त्यांचा. त्यांत एल्मर स्नोडेनचं आयुष्य सर्वांत बोलकं आहे. १९०० मध्ये बॉल्टिमोरला जन्मलेला हा बँजोवादक ‘वॉशिंग्टोनियन्स’ या वाद्यवृंदाचा म्होरक्या होता. त्याच वाद्यवृंदातला तरुण पियानोवादक म्हणजे एलिंग्टन. १९२३ मध्ये मंडळी न्यू यॉर्कला स्थिरावली, पैशांच्या वादातून स्नोडेन बाहेर पडला, आणि पुढे तेच मंडळ एलिंग्टनच्या नावाने जगभर गेलं. पण स्नोडेनचं काम तिथे थांबलं नाही. त्याने न्यू यॉर्कमध्ये एकामागून एक वाद्यवृंद बांधले, आणि त्यांतून काउंट बेसी, जिमी लन्सफोर्ड, चिक वेब, बेनी कार्टर, रॉय एल्ड्रिज अशी माणसं गेली. स्विंगच्या युगाची निम्मी नावं एका बँजोवाल्याच्या हाताखालून गेली आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. १९३० च्या दशकात संगीतकारांच्या संघटनेशी त्याचा वाद झाला, तो फिलाडेल्फियाला गेला आणि तिथे शिकवू लागला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो मोटारी लावण्याच्या जागेवर नोकरी करत होता. रेडिओवरचा एक निवेदक, ख्रिस अल्बर्टसन, त्याच्यापर्यंत पोचला आणि १९६० मध्ये ‘हार्लेम बँजो!’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पियानोवर क्लिफ जॅक्सन, बासवर टॉमी ब्रायंट, ड्रमवर जिमी क्रॉफर्ड. या ध्वनिमुद्रिकेत जुन्या काळाची आठवण म्हणून वाजवल्याची खूण नाही. स्नोडेन तिथे तारांच्या बासच्या चारमात्री चालीवर बँजो वाजवतो, म्हणजे ज्या चालीने बँजोला हाकललं असं पुस्तकं सांगतात, नेमक्या तिच्यावर. आणि तो तिथे मुळीच परका वाटत नाही. १९७३ मध्ये तो वारला.

न्यू ऑर्लिन्सचा नार्विन किंबॉल स्नोडेनपेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील हेन्री किंबॉल बासवादक. नार्विन डावखुरा. १९२० च्या दशकात तो बोटींवर वाजवू लागला आणि पापा सेलेस्टिनच्या वाद्यवृंदाबरोबर १९२८ मध्ये त्याने ध्वनिमुद्रण केलं. बँजोला काम मिळेना तेव्हा त्याने बास धरला आणि टपाल खात्यात नोकरी पत्करली. पुढची कित्येक दशकं तो दिवसा टपाल वाटत होता आणि रात्री वाजवत होता. १९६१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट पीटर रस्त्यावर ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला आणि जुन्या वादकांना पुन्हा नियमित जागा मिळाली. किंबॉल तिथे बँजोसह बसला. इमॅन्युएल सेल्सही तिथे होता. १९२९ मध्ये काळ्या आणि गोऱ्या वादकांनी एकत्र येऊन न्यू ऑर्लिन्समध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात बँजो त्याने वाजवला होता. दक्षिणेत तेव्हा अशी एकत्र बैठक सोपी नव्हती. किंबॉल त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं हॉलशी जोडलेला राहिला. २००५ च्या कॅटरिना वादळाने त्याला शहर सोडावं लागलं आणि मार्च २००६ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, तो दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला वारला. टपाल खात्यातली ती वर्षं त्याच्या कारकिर्दीतली पोकळी म्हणून मोजू नयेत. साथीच्या वादकाला मानधन थोडं आणि बैठका अनियमित; म्हणून त्याच्या कलेला पगाराचा टेकू लागतो. जॉनी सेंट सिर गिलाव्याचं काम करी. अशा नोकऱ्यांनीच ही कला पुढच्या पिढीपर्यंत पोचवली, आणि इतिहासाने हे त्या कारकिर्दीचा भाग म्हणून लिहायला हवं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला झटकून उत्तर देता येत नाही. बँजो पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्यांच्या कुळातला. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी तो अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर घडवला. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ रंगमंचावर आणले आणि त्यांत बँजो हातात धरला. तेव्हापासून या वाद्यावर एक अपमान चिकटला. अनेक काळ्या संगीतकारांनी बँजोपासून अंतर ठेवलं, त्यामागे हे कारण होतं, आणि ते अंतर योग्य होतं. पण याच आक्षेपातून उलटही निघतं. ज्या वाद्यावर अपमान लादला गेला, ते त्याच्या मूळ मालकांनी संगीत म्हणून पुन्हा हाती घेणं, हे त्या अपमानाला दिलेलं सर्वांत ठोस उत्तर आहे. स्नोडेन, किंबॉल, सेल्स, रॉबिन्सन यांनी ते दिलं. आज न्यू ऑर्लिन्सचा डॉन व्हॅपी ते देतो आहे. १९५६ मध्ये क्रिओल घराण्यात जन्मलेला व्हॅपी आधी फंक वाद्यवृंदात बास गिटार वाजवायचा. टेनर बँजो त्याने नंतर हाती घेतला आणि त्याभोवती ‘क्रिओल जॅझ सेरेनेडर्स’ हा वाद्यवृंद उभा केला. २००८ मध्ये ब्लूज गायक ओटिस टेलरने ‘रीकॅप्चरिंग द बँजो’ या ध्वनिमुद्रिकेसाठी काळ्या बँजोवादकांना एकत्र आणलं, त्यांतही व्हॅपी होता.

चौथा आक्षेप रास्तच आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत बँजो परत आला तो बऱ्याच ठिकाणी वेशभूषा म्हणून: पट्ट्यापट्ट्यांचे कोट, गवती टोप्या, उपाहारगृहातली समूहगाणी. अशा वादनात वेग दिसायचा, पण ऐकण्याची तयारी नसायची. बँजोवाला इतर वाद्यांना उत्तर द्यायचा नाही, नुसता वाजवत सुटायचा. बँजोची आजची बदनामी बरीचशी तिथून आली. पण ही बदनामी साथीच्या मापाला बळकटीच देते. बँजो वाईट वाटतो तेव्हा बहुतेक वेळा तो साथ सोडून मिरवायला निघालेला असतो. इंडियानात १९४० मध्ये जन्मलेला एडी डेव्हिस याच्या नेमका उलट. त्याने आयुष्यभर टेनर बँजोवर जॅझ वाजवलं आणि न्यू यॉर्कमध्ये वुडी ॲलनच्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीच्या वाद्यवृंदाची सूत्रं कित्येक वर्षं सांभाळली. हौशी क्लॅरिनेटवाल्यापासून कसलेल्या ट्रंपेटवाल्यापर्यंत सगळ्यांना एका लयीत बांधायचं, कोणतं गाणं कोणत्या स्वरात उचलायचं ते क्षणात ठरवायचं, हे काम तो बँजोवरून करी. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कमध्ये करोनाने जे संगीतकार गेले, त्यांत तोही होता.

हॅरी रेसरकडे पुन्हा पाहिलं की हे माप का हवं ते स्पष्ट होतं. रेडिओवरची लोकप्रियता ओसरल्यावर लोक त्याला विसरले. सप्टेंबर १९६५ मध्ये तो ब्रॉडवेवर ‘फिडलर ऑन द रूफ’च्या वाद्यवृंदात, रंगमंचाखालच्या खड्ड्यात वाजवत होता. प्रयोगाच्या आधी तिथेच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. नाव मोठं होतं तेव्हाही तो कामावर होता, आणि नाव गेल्यावरही. एकलवादनाच्या मापात ही घसरण दिसते. साथीच्या मापात ही चाळीस-पन्नास वर्षं न चुकलेली हजेरी आहे.

आपल्याकडे साथसंगतीचं मोल मानणारे रसिक आहेत; तबलजी आणि पेटीवाले यांची नावं ते गायकाच्या बरोबरीने घेतात. तोच कान जॅझला लावायला हवा. हॉट फाइव्हच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका, जॅबो स्मिथच्या १९२९ च्या ध्वनिमुद्रिका आणि स्नोडेनची ‘हार्लेम बँजो!’ या तीन गोष्टी क्रमाने ऐकाव्यात. पहिल्यांदा नेहमीसारख्या ऐका. दुसऱ्यांदा ट्रंपेटकडे दुर्लक्ष करून फक्त बँजोचा ठोका कुठे पडतो आणि कुठे तुटतो ते ऐका. ज्या वाद्याला कालबाह्य ठरवलं गेलं, त्याच्या वादकांनी जॅझची लय घडवली आणि पाऊण शतकाहून जास्त काळ जपली. जॅझचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा त्यांची नावं मुख्य मजकुरात यायला हवीत.